एडिसन सोडून पिट्सबर्गला स्थायिक व्हावे का? घर, व्हिसा आणि कर यांबाबत अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

मिडलसेक्सवासी

नमस्कार. आम्ही नऊ वर्षांपासून न्यू जर्सीतील एडिसन येथे भाड्याने राहत आहोत. माझे पती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. त्यांचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेला असल्यामुळे मला एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर कामाचा परवाना मिळाला आहे आणि मी एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात हिशेब पाहते. मुलगी दुसरीत शिकते. दोन बेडरूमच्या घराचे भाडे आता २,८५० डॉलर्स झाले आहे. याच भागात घर विकत घ्यायचे म्हटले तर आम्हाला दाखवलेले एकही घर सहा लाखांच्या आत नव्हते, आणि त्यावर वर्षाकाठी बारा-तेरा हजारांचा मालमत्ता कर भरावा लागेल तो वेगळाच.

पतींच्या कंपनीचे कार्यालय न्यू जर्सीतच आहे, मात्र त्यांना कायमचे घरून काम करण्याची परवानगी मिळाली आहे. त्यामुळे आम्ही पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गचा विचार करू लागलो. तेथे तीन-साडेतीन लाखांत चार बेडरूमची, अंगण असलेली घरे दिसतात आणि ती पाहून आम्हाला आनंद होतो त्याहून अधिक शंका येते. इतक्या स्वस्ताईमागे आम्हाला न दिसणारे काही आहे का? ग्रीन कार्डच्या रांगेवर या स्थलांतराचा परिणाम होईल का? मराठी माणसे, देऊळ, किराणा या गोष्टींची तेथे कितपत सोय आहे? शक्य असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

कोलंबसकर

घराचा विचार थोडा बाजूला ठेवून आधी व्हिसाचे पाहा, कारण तेथे चूक झाली तर ती सहजासहजी निस्तरत नाही. एच-१बी हा कंपनीशी जसा बांधलेला असतो, तसाच कामाच्या जागेशीही बांधलेला असतो. तुमचे पती घरून काम करणार असतील तर ते घर हेच कायद्याच्या दृष्टीने त्यांचे कामाचे ठिकाण ठरते. ते ठिकाण सध्याच्या महानगर क्षेत्राबाहेर जात असेल तर कंपनीला नव्या जागेसाठी श्रम खात्याकडून वेतनाची नोंद करून घ्यावी लागते आणि इमिग्रेशन खात्याकडे सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. २०१५ च्या, सिमियो नावाच्या कंपनीच्या प्रकरणातील निर्णयानंतर याबाबत संदिग्धता उरलेली नाही. अर्ज मंजूर होईपर्यंत थांबण्याची आवश्यकता नसते, पण तो दाखल होण्यापूर्वी नव्या जागेवरून काम सुरू करता येत नाही.

मी २०२१ मध्ये कोलंबसला आलो तेव्हा माझ्या तत्कालीन कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने ‘घरूनच तर काम करायचे आहे, कळवण्याची गरज नाही’ असे सांगितले आणि मी त्यावर विसंबलो. पुढे मुदतवाढीच्या वेळी भाडेकरार, वीजबिले आणि पगाराच्या पावत्या यांवरचे पत्ते जुळेनात आणि इमिग्रेशन खात्याचे खुलासा मागणारे पत्र आले. ते प्रकरण मिटेपर्यंतचे पाच महिने आम्ही घरात एक नवी खुर्चीसुद्धा आणली नाही. म्हणून सांगतो, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. वकिलाकडून लेखी घ्या.

ग्रीन कार्डचे म्हणाल तर रांगेतील तुमची तारीख सुरक्षित राहते. मात्र ‘पर्म’ची, म्हणजे ग्रीन कार्डासाठी लागणारी श्रम खात्याची, मंजुरी ज्या भागासाठी मिळाली त्या भागाबाहेर नोकरी कायमची हलली, की ग्रीन कार्डाच्या शेवटच्या टप्प्याआधी कंपनीला बहुधा नवे पर्म आणि नवा आय-१४० करावा लागतो. तो खर्च कंपनीनेच सोसायचा असल्यामुळे तिची तशी तयारी आहे का, हे आताच विचारून घ्या. तुमच्या स्वतःच्या परवान्याला जागेचे बंधन नसल्यामुळे तुम्ही तेथे कोठेही नोकरी करू शकाल.

करांविषयी एक गोष्ट लिहितो. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत परस्पर करार असल्यामुळे पगारावरील राज्य कर राहत्या राज्यात भरायचा असतो. कंपनी न्यूयॉर्कची असती तर चित्र वेगळे असते, कारण स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यात बसून केलेले काम न्यूयॉर्क आपल्याच हद्दीतले मानते आणि त्यावर कर लावते.

तीन नद्यांकाठी

मी चौदा वर्षांपासून पिट्सबर्गमध्ये आहे. तुम्हाला आलेली शंका रास्त आहे, म्हणून स्वस्ताईचे कारण आधी सांगते. १९५० मध्ये या शहराची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या वर होती आणि २०२० च्या जनगणनेत ती जेमतेम तीन लाख तीन हजार भरली. १९८० च्या दशकात पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले, तरुण माणसे कामाच्या शोधात बाहेर पडली आणि घरे मात्र जागच्या जागी राहिली. आज रुग्णालये, विद्यापीठे आणि संगणक क्षेत्र यांच्या जोरावर शहर चांगले सावरले आहे, पण सात लाखांसाठी बांधलेल्या गावात तीन लाख माणसे राहतात आणि घरांच्या किमती कमी असण्याचे मूळ त्यात आहे. त्यामुळे ही स्वस्ताई फसवी नाही. मात्र ती जुन्या घरांची स्वस्ताई आहे, हे विसरून चालणार नाही.

माझे घर १९२८ सालचे आहे. घेताना आम्ही छत, घर उबदार ठेवणारी भट्टी आणि विजेच्या तारा तपासून घेतल्या, पण सांडपाण्याच्या वाहिनीत कॅमेरा सोडून पाहण्याचे तीनशे डॉलर्स वाचवले. पहिल्याच पावसाळी एप्रिलमध्ये तळघरातील जमिनीच्या जाळीतून काळे पाणी वर आले. प्लंबरने कॅमेरा आत सोडला आणि त्याच्या छोट्या पडद्यावर मला भाजक्या मातीची नळी दिसली. सांध्यांतून झाडाची मुळे केसांच्या जटेसारखी आत उतरलेली होती आणि पुढे एका ठिकाणी नळीची वरची बाजू पूर्ण खचलेली होती. अंगण खणून नवी वाहिनी टाकायला अकरा हजार डॉलर्स लागले. येथे ही वाहिनी रस्त्याखालच्या मुख्य नळापर्यंत घरमालकाचीच जबाबदारी असते. म्हणून घर कितीही आवडले, विक्रेता कितीही घाई करत असला तरी ही तपासणी सोडू नका. त्यासोबत रेडॉन वायूची चाचणी करून घ्या आणि घराला येणारा पाण्याचा नळ शिशाचा आहे का तेही पाहा. घर उतारावर असेल तर मागची संरक्षक भिंत स्वतः चालत जाऊन पाहा; ती पोट काढून उभी असेल तर पुढच्या घराकडे वळा. या परिसराखाली कोळशाच्या जुन्या खाणी पसरलेल्या आहेत आणि जमीन खचून होणारे नुकसान घराच्या नेहमीच्या विम्यात धरले जात नाही. त्यासाठी राज्य सरकार स्वतंत्र विमा देते, तो अवश्य घ्या. त्याचा हप्ता फारसा नसतो.

आता कर. राज्याचा आयकर सरसकट ३.०७ टक्के आहे, म्हणून लोक खूश होतात. पण येथे स्थानिक आयकरही असतो आणि तो तुम्ही कोणत्या हद्दीत राहता त्यावर ठरतो. पिट्सबर्ग शहरात शहराचा आणि शाळांचा मिळून ३ टक्के, तर बहुतेक उपनगरांत १ टक्क्याच्या आसपास. माउंट लेबनन या उपनगरात १.३ टक्के आहे. घर खरेदीचा हस्तांतरण करही शहरात एकूण ५ टक्के आहे. तो सहसा खरेदीदार आणि विक्रेता निम्मानिम्मा भरतात. शिवाय हे राज्य ४०१-के या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात जाणारी रक्कम आयकरातून वगळत नाही, त्यामुळे पहिल्या पगारपत्रकावर गोंधळून जाऊ नका. त्याच्या बदल्यात निवृत्तीनंतर ती काढताना राज्य कर लागत नाही.

मालमत्ता कराबाबत बाहेरून येणारे बहुतेक जण चुकतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. पिट्सबर्ग ज्यात येते त्या अॅलेगेनी काउंटीत (जिल्ह्यात) घरांचे सरसकट मूल्यांकन २०१२ नंतर झालेलेच नाही. संकेतस्थळांवर जो कर दिसतो तो जुन्या मालकाच्या जुन्या मूल्यांकनावरचा असतो. तुम्ही घर घेतल्यावर, तुमची खरेदी किंमत पाहून, शाळा-जिल्हा त्या मूल्यांकनावर अपील करू शकतो. तेव्हा खरेदी किमतीला राज्याने ठरवलेले एक गुणोत्तर लावले जाते, जे सध्या निम्म्याच्या जवळपास आहे. म्हणजे साडेतीन लाखांच्या घराचे मूल्यांकन साधारण पावणेदोन लाखांपर्यंत जाऊ शकते. जुन्या मालकाचे मूल्यांकन एक लाख दहा हजार असेल, तर तुमच्या घराचा कर त्याच्यापेक्षा निम्म्याहून अधिक वाढू शकतो. २०२५ मध्ये काउंटीने आपल्या हिश्श्याचा दरही ३६ टक्क्यांनी वाढवला. बँकेत बसून मासिक हप्त्याचा हिशेब कराल तेव्हा संकेतस्थळावरचा आकडा घेऊ नका, हा वाढीव आकडा धरा. एवढे करूनही एकूण खर्च एडिसनपेक्षा पुष्कळ कमी येतो. माझा तरी तोच अनुभव आहे.

तुमच्या कंपनीचा आरोग्य विमा येथे कोणत्या रुग्णालयांत चालतो हेही आधीच पाहून घ्या. यूपीएमसी ही रुग्णालयांची साखळी स्वतःचा विमा विकते आणि हायमार्क या विमा कंपनीकडे अॅलेगेनी हेल्थ नेटवर्क ही दुसरी साखळी आहे, त्यामुळे डॉक्टर निवडण्यापूर्वी हा प्रश्न येथे प्रत्येकाला पडतो.

आता रालेला

मी २०१७ ते २०२१ अशी चार वर्षे तेथे होते आणि मला ते शहर मनापासून आवडले होते, तरीही आम्ही ते सोडले. त्याचे कारण सांगितले पाहिजे. वर्षातून साठाच्या आसपास दिवसच तेथे आकाश पूर्ण निरभ्र असते. नोव्हेंबरात एकदा ढग उतरले की मार्चपर्यंत खिडकीतून तोच राखाडी रंग दिसत राहतो. मी दिवसभर घरून काम करत असे आणि तिसऱ्या हिवाळ्यात माझी झोप व भूक दोन्ही बिघडली. तुमचे पतीही घरूनच काम करणार आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. दुसरे म्हणजे हवा. मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यात, वारा पडलेल्या थंड पहाटे, थंड हवेचा थर खाली अडकतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे अशा दिवशी आम्ही त्याला बाहेर खेळायला सोडत नसू. उत्तरेच्या व पश्चिमेच्या उपनगरांत हा त्रास पुष्कळ कमी जाणवतो, म्हणून घर पाहताना ते खोऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे याकडे लक्ष द्या.

मिडलसेक्सवासी

सर्वांचे मनापासून आभार. सांडपाण्याच्या वाहिनीबद्दल आम्हाला कोणी सांगितलेच नसते. मुलीच्या शाळेचा आणि माणसांचा प्रश्न मात्र अजून मनात आहे. येथे ओक ट्री रोडवर पाच मिनिटांत कढीपत्ता आणि भाजणी मिळते, गणपतीत दहा घरी आरतीला जाणे होते. सासूबाई दर दोन वर्षांनी सहा महिने येतात, त्यांचा दिवस तेथे कसा जाईल याची काळजी वाटते.

तीन नद्यांकाठी

एडिसनसारखे येथे काही नाही, हे आधीच मान्य करून यावे. मराठी घरे आहेत, गणेशोत्सव आणि दिवाळी होते, पण प्रत्येक भेटीसाठी गाडी काढून बोगदा किंवा पूल ओलांडावा लागतो. देवळांच्या बाबतीत हे शहर जुने आहे. पेन हिल्समधील श्री वेंकटेश्वर मंदिर १९७० च्या दशकात उभे राहिले. अमेरिकेतील सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी ते एक आहे आणि लांबलांबच्या राज्यांतून लोक तेथे येतात. जवळच मनरोव्हिलमध्ये हिंदू-जैन मंदिर आहे आणि त्या बाजूला किराण्याची दुकानेही आहेत. भाजणी मात्र मी अजूनही घरीच भाजते.

सासूबाईंचा विचार करता मी माउंट लेबनन किंवा त्याच्या शेजारचे डॉरमाँट सुचवीन. माउंट लेबननमध्ये मुले शाळेत चालत जातात, पदपथ आहेत, वाचनालय चालण्याच्या अंतरावर आहे आणि ‘टी’ ही लोहमार्गावरील गाडी थेट शहराच्या मध्यभागी नेते. एका गाडीत संसार करता येईल असे जे थोडे भाग येथे आहेत त्यांपैकी हा एक आहे. उत्तरेकडील नॉर्थ अॅलेगेनीच्या शाळाही उत्तम आहेत आणि तेथे भारतीय कुटुंबे बरीच आहेत, पण ज्येष्ठांना गाडीशिवाय घराबाहेर पडता येत नाही. माझी आई येते तेव्हा रोज दुपारी वाचनालयापर्यंत चालत जाऊन येते. वाटेतल्या दोन अमेरिकन आजींशी तिची ओळख झाली असून इंग्रजी बेताचे असले तरी बागेतील रोपांची देवाणघेवाण सुरू असते.

रालेच्या ताईंनी लिहिलेले अगदी खरे आहे. म्हणून पहिले वर्ष भाड्यानेच राहा आणि एक पूर्ण हिवाळा काढा. त्याआधी फेब्रुवारीत चार दिवस येऊन जा. मे महिन्यात आलात तर सगळे डोंगर हिरवे असतात आणि प्रत्येक घर घ्यावेसे वाटते.

मिडलसेक्सवासी

कळवायचे राहून गेले होते. आम्ही फेब्रुवारीत चार दिवस जाऊन आलो. चारही दिवस सूर्य दिसला नाही, पण मुलीला घसरगुंडीसारखे उतार फार आवडले आणि पती तेथे बसून नेहमीसारखे काम करू शकले. वकिलांशी बोलणे झाले. सुधारित अर्जात नव्या घराचा नेमका पत्ता द्यावा लागतो, म्हणून माउंट लेबननमध्ये १ जुलैपासून एका वर्षाचा भाडेकरार केला आहे. नवे पर्म करण्याची तयारी कंपनीने ईमेलने लेखी कळवली आहे. अर्ज दाखल झाल्याची पावती हातात येईपर्यंत सामानाचा ट्रक ठरवणार नाही. घर घेण्याचे पुढच्या वर्षी पाहू, तेव्हा कॅमेरावाल्या प्लंबरचा क्रमांक आपल्याकडून मागून घेईन.