हाताने केलेली उठावाची (एम्बॉसिंगची, नक्षी कागदावर वर आलेली) कार्डं : तुमचेही अनुभव येऊ द्या

जाईजुई
माळा आवरताना आईच्या पेटीत माझं सातवीतलं कार्ड सापडलं. रंग उडालाय, पण बोट फिरवलं की मोगऱ्याची पाच फुलं अजून हाताला लागतात. स्टेन्सिल कुठली मिळायला! जुन्या एक्स-रेच्या दोन फिल्म एकावर एक ठेवून फुलं कापली, खिडकीच्या काचेला चिकटवली, वर कार्डशीट पालथी धरली. उन्हाने पाकळ्यांची कड दिसायची, तिच्या आतून संपलेल्या रिफिलने दाबत जायचं. रिफिल पूर्ण संपलेलं नव्हतं, एका पाकळीवर निळा ठिपका आहे. आईने त्याच्या शेजारी तारीख लिहून ठेवलीय. आज कळलं.

कात्रीकागद
ठिपक्याशी आले आणि डोळे भरले गं.
कागद फाटत असेल तर मागून आधी मेणकागद घासा, टोक सुळसुळीत फिरतं. आणि पहिल्याच फेरीत जोर नको.

नदीकाठ
पुण्यात असाल तर हातकागद संस्थेचा जाड कागद घ्या. १९४० पासूनची संस्था. सुती चिंध्यांचा कागद किंचित दमट केला की खोल उठाव घेतो, तडकत नाही.

सईची आई
माळ्यावर अजून काय निघालं? आमच्याकडे पितळी सोऱ्या निघाला, चकत्यांसकट!

कात्रीकागद
चिंचेने घास, लख्ख होईल. चकल्या कधी?

पाऊलवाट
माझा दादा पाहू शकत नाही. त्याच्या वाढदिवसाला पणती उठावात काढली, खाली ब्रेलमध्ये नाव टोचलं. ब्रेलच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं, म्हणजे कागद उलटला की नीट वाचता येतं. घाईत मी डावीकडून टोचलं. दादाची बोटं नावावर थांबली. म्हणाला, "हे आरशातलं नाव आहे गं." दुसरं करू दिलं नाही, तेच कपाटात आहे.

नदीकाठ
पाऊलवाट, पणती ओळखली का त्याने?

पाऊलवाट
लगेच. ज्योतीवर दोनदा बोट फिरवलं.

टिकली
पावडरवाला उठाव (शाईवर पावडर वितळवून) कोणी करतं का? हेअर ड्रायर लावला तर सोनेरी पावडर सगळ्या ओट्यावर 😭

कात्रीकागद
ड्रायरचा वारा जास्त, ताप कमी. हीट गन (कमी वाऱ्याची, जास्त तापणारी) बरी. शाई ओली असतानाच पावडर भुरभुरव, जास्तीची झटक, मग तापव.

सईची आई
सोऱ्या निघाला चकचकीत! भाजणी दळायला टाकलीय.

जाईजुई
पाऊलवाट, तुझं वाचून आईला डोळे मिटायला लावून कार्ड हातात दिलं. मोगरा म्हणाली.