'स्प्लाइस' बायोटेकच्या मुलांना दाखवावा का?

जळगाव_विज्ञानमंडळ: कॉलेजात 'स्प्लाइस' (२००९, दिग्दर्शक विन्चेन्झो नताली) दाखवून चर्चा घ्यायची आहे. त्यात एल्सा आणि क्लाइव्ह हे शास्त्रज्ञ वेगवेगळ्या प्राण्यांची जनुकं जुळवून आधी फ्रेड-जिंजर ही नर-मादी जोडी बनवतात, मग माणसाचा डीएनए घालून ड्रेन नावाची मादी. मुलं तिसऱ्या वर्षाची. विज्ञान कितपत टिकतं? मादीचा नर होतो ते वळण तर सगळेच हसण्यावारी नेतात. आणि कुठे थांबवावा?

पेशीवाला: दाखवा, पण सगळा नको. ड्रेनला शेतावर हलवतात तिथे बंद करा. पुढे जबरदस्तीचे प्रसंग आहेत, आणि शेवटी तर सरळ भुताटकीछाप भयपट होतो.

खरी खोट आहे ती सहजपणाची. डॉली या क्लोन मेंढीच्या वेळी (१९९६) २७७ अंडपेशी जुळवल्या, २९ भ्रूण हाती लागले, कोकरू एकच. करनालला २००९ मध्ये म्हशीचं पहिलं क्लोन रेडकू थोड्याच दिवसांत फुप्फुसाच्या संसर्गानं गेलं, 'गरिमा' त्यानंतरची. हे एकाच जातीत! माणसाचं केंद्रक दूरच्या जातीच्या अंडपेशीत टाकलं तर, माणसाचा भ्रूण चार-आठ पेशींच्या सुमाराला स्वतःची जनुकं चालू करतो, तिथेच गाडी अडते. केंद्रक एकाचं, मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) दुसऱ्याचे, जमत नाही. सिनेमात चार अपयशं दाखवून बाळ हजर.

पण फ्रेड-जिंजरचा प्रसंग सोन्यासारखा आहे. जिंजर नर झालेली, कोणाच्या ध्यानात नाही, आणि भागधारकांसमोर दोन नर एकमेकांना फाडतात. तिथे पॉज करून विचारा: कोणत्या नेहमीच्या तपासणीत हे आधी कळलं असतं? एल्सा-क्लाइव्ह ड्रेनच्या मागे लागलेले, मूळ जनावरांकडे बघायला कोण होतं? तसंच एल्सा स्वतःचा डीएनए वापरून गप्प बसते. दाता कोण हेच नोंदवहीत नाही म्हटल्यावर पुढचा निष्कर्ष कशाच्या जोरावर काढणार?

शहादा_पपई: लिंगबदलाला हसू नका भाऊ. आपल्याकडे उन्हाळा तापला की उभयलिंगी पपईच्या फुलात बीजांडकोश खुरटतो, फूल नरासारखं होतं, फळ धरत नाही. मादी झाड मात्र तसंच राहतं. ब्लूहेड रास माशात नर काढून घेतला तर मोठी मादी काही तासांत नरासारखी वागते, आठ-दहा दिवसांत पूर्ण नर. चूक एवढीच की सिनेमा या बदलाचं कारण सांगत नाही, आणि ड्रेन मरून उठते तोवर नर!

कापूसवाला_धुळे: चर्चेत एक घोळ होणारच: मुलं केळीच्या टिश्यू कल्चरला जनुकबदल म्हणतील. तिथे जनुक बदलत नाही, एका चांगल्या झाडाची रोपं वाढवतात. जनुकबदल हवा तर बीटी कापूस घ्या, त्यात बोंडअळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. मान्यता २००२ ची. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बी यायचं, कडेला लावायला, म्हणजे बीटी सोसणाऱ्या अळीला साध्या अळीशी जोडा मिळावा आणि सोसणारी पिढी वाढू नये. बहुतेकांनी ते लावलंच नाही. शेंदरी बोंडअळी क्राय१एसीला (बीटी कापसातल्या विषारी प्रथिनाला) जुमानत नाही हे गुजरातेतून २०१० मध्ये जाहीर झालं. फ्रेड-जिंजरनंतर लगेच हेच विचारा: इथे कोणाचं लक्ष नव्हतं?

जळगाव_विज्ञानमंडळ: ठीक. शेतापर्यंत दाखवतो, मग पपई आणि बोंडअळी.