बारावीचे शिक्षण एनडीएला आणि पदवीला कितपत पुरते? मदत हवी आहे

नमस्कार. माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) जावे की अभियांत्रिकीला प्रवेश घ्यावा, हे तिचे अजून ठरलेले नाही. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षण या दोन्ही वाटांसाठी कितपत पुरेसे ठरते, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे.

प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात. गणिताचा पाया पक्का आहे, परंतु अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नसल्यामुळे तिला अंदाजाने पर्याय निवडण्याची सवय लागली आहे आणि प्रबोधिनीच्या परीक्षेत तर चुकीच्या प्रत्येक उत्तरामागे त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. सामान्य क्षमता चाचणीत लागणारे इतिहास-भूगोल तर दहावीनंतर सुटले ते सुटलेच.

मला अधिक काळजी वाटते ती लेखी परीक्षेनंतर होणाऱ्या सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) मुलाखतीची. या मुलाखतीलाही ९०० गुण आहेत, आणि गटचर्चा, मैदानावरील सामूहिक कामे व मानसशास्त्रीय चाचण्या यांतून जे पाहिले जाते, ते आपल्या वर्गांत कुठे शिकवले जाते? हजेरी देण्यापलीकडे तोंड उघडण्याची वेळ मुलांवर क्वचितच येते. (पदवीच्या पहिल्या वर्षीही हीच उणीव जाणवत असावी, अशी मला शंका आहे.)

ज्यांची मुले यांपैकी कोणत्याही वाटेने गेली, त्यांना शाळेतले नेमके काय उपयोगी पडले आणि काय नव्याने शिकावे लागले? शिकवणी न लावता ही तयारी घरी करता येईल का?