मदत हवी आहे : उतरताना विमान बदलतं का? (तातडीचं)

निशाचर : काल मामांकडे युद्धपट बघत होतो. शेवटी हीरो बोटीवर विमान उतरवतो आणि आदळतो. उतरेपर्यंत पंख्याचं विमान, आदळताना एकदम जेट! मामा म्हणाले, तुला डोळे नाहीत. मिसळीची पैज लागलीये, घरचे नऊ जण. उद्या सकाळपर्यंत पुरावा हवा. कृपया फाटे फोडू नका.

सुलूताई : अरे, सिनेमाचं नाव?

आगाऊ पाटील : नाव नाही, साल नाही, वर 'तातडीचं'. आम्ही काय कौल लावायचा?

रिळवाला : हे मिनिएचर, म्हणजे छोटी प्रतिकृती असणार. ओळखायची मोठी खूण, पाणी. बोट खेळण्याएवढी केली तरी पाण्याचे थेंब काही लहान होत नाहीत. तोफगोळा पडल्यावर उडालेले थेंब लिंबाएवढे दिसले, की समजायचं हे टाकीत शूट केलंय. शिवाय निळ्या पडद्यापुढे घेतलेला शॉट असेल तर विमानाच्या कडेला बारीक रेघ थरथरते.

निशाचर : रिळवाले, पाण्याचं मी विचारलंच नाहीये. सिनेमा मिडवे. सांगायचं राहिलं.

सुलूताई : जुना की २०१९ चा?

निशाचर : जुना, अर्थात. चार्लटन हेस्टनचा.

गंजका नांगर : १९७६ चा. मग पैज जिंकलास. ते फुटेज खरं आहे, १९५१ सालच्या अपघाताचं. कमांडर जॉर्ज डंकन पँथर जेट उतरवताना डेकच्या मागच्या कडेवर आदळले. नीट बघ, आगीतून विमानाचं नाक, कॉकपिटसकट, तुटून पुढे गडगडत येतं. माणूस भाजला, पण वाचला. सिनेमात मात्र हेस्टन तिथेच मरतो. गंमत म्हणजे ती बोटही मिडवे नावाचीच, पण सिनेमातली अमेरिका-जपानची मिडवेची लढाई जून १९४२ ची आणि बोट नौदलात आली १९४५ साली.

आगाऊ पाटील : हेस्टन मरतो हे कशाला सांगितलंत? मी पाहिला नव्हता.

गंजका नांगर : पन्नास वर्षं होत आली हो!

रिळवाला : पण याला चूक म्हणू नये. पैसे वाचवले. हल्ल्याचे कितीतरी शॉट टोरा टोरा टोरा या सिनेमातून उचललेत, सुरुवातीची टोकियोवरची बाँबफेक १९४४ च्या एका कृष्णधवल सिनेमातली, तपकिरी रंग चढवून.

सुलूताई : काटकसर कबूल. पण पंखा गायब झालेला जोडणाऱ्याला दिसला नाही? माझी आई दोन जुन्या साड्या जोडून गोधडी शिवायची, तीसुद्धा काठाला काठ लावायची.

कोपऱ्यातला : व्हेअर ईगल्स डेअर हा सिनेमा बघा. दुसरं महायुद्ध चालू असताना जर्मनांकडे बेल ४७ हेलिकॉप्टर. ते पहिल्यांदा उडालं डिसेंबर १९४५ मध्ये, तेही अमेरिकेत.

निशाचर : मामा म्हणतात नाक वगैरे धुरात काही कळत नाही. दुसरी खूण?

गंजका नांगर : पंखावरचा तारा बघ. जून १९४२ मध्ये अमेरिकन विमानांवर निळ्या गोलात नुसता पांढरा तारा असायचा. दोन्ही बाजूंच्या आडव्या पट्ट्या आल्या १९४३ मध्ये, त्या पट्ट्यांत लाल रेघ १९४७ मध्ये. सिनेमाभर कुठेही पट्ट्या दिसल्या, की तो तुकडा नंतरचा. आणि व्हीएलसी प्लेअरवर लाव, थांबव, मग ई दाबत राहा. एकेक चौकट पुढे सरकते.

आगाऊ पाटील : मिसळ कुठली ठरलीये पण? कोल्हापुरी असेल तर मीही येतो.

रिळवाला : नाशिकची काळ्या मसाल्याची. वाद नको.

निशाचर : लावलं. एकेक चौकट दाखवली, पंखा नाहीच. मामा तीनदा मागे नेऊन बघत बसले. आता म्हणतायत, पंखा जोरात फिरत असेल म्हणून दिसत नाही.