मदत हवी आहे : जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी उतार कसा करायचा?
सीरियातल्या युद्धात विस्थापित झालेल्यांसाठी घशापर्यंत चढणाऱ्या आम्लाबद्दल सूचनापत्रक करतोय. आरएसआय (रिफ्लक्स सिम्प्टम इंडेक्स) या लक्षणांना गुण देणाऱ्या तक्त्यात 45पैकी 13च्या वर गुण आले की संशय घ्यायचा. पण छातीत जळजळ बऱ्याचदा नसतेच. नुसतं खाकरणं, सकाळी बसलेला आवाज. धूळ, शेगडीचा धूर यांनीही तसंच होतं, म्हणून एकट्या तक्त्यावर विसंबता येत नाही. सिगारेट, रात्री उशिरा भरपेट जेवण, सततचा ताण हे पत्रकात घेतलंय.

अडतंय झोपण्यापाशी. पलंग नाही, जमिनीवर पातळ गादी. डोक्याकडून 15-20 सेंमी उतार हवा. उशा रचल्या तर माणूस कंबरेत वाकतो, पोट दाबलं जातं आणि आम्ल उलट वर येतं. घोंगड्यांच्या घड्या रात्रीत सरकतात. तंबूतल्याच सामानातून कंबरेपासून डोक्यापर्यंतचा, न सरकणारा उतार कुणी केलाय का? लांबी-उंचीची मापं द्या, प्लीज.