'समान वेतन', 'समान मानधन' की 'समान मोबदला'?

धरमपेठकर: अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाच्या लढ्यावर लिहितो आहे. 'इक्वल पे'साठी पेपरांत कुठे समान वेतन, कुठे समान मानधन दिसतं. कोणता शब्द धरावा?

महालातला: घोषणा म्हणून 'समान वेतन' रुळलेलंच आहे. पण मजकुरात तो शब्द गोत्यात आणेल. 2019 साली या संघाने अमेरिकेच्या फुटबॉल महासंघावर खटला भरला तेव्हा तिथल्या प्रमुख महिला खेळाडूंना ठरावीक वार्षिक पगार होता. पुरुषांना नव्हता, मॅच खेळली तर पैसे, जिंकली तर बोनस. म्हणजे शब्दशः 'वेतन' बायकांनाच! त्यांची तक्रार बोनसचे दर कमी असल्याची होती. 2020 मध्ये न्यायाधीशांनी वेतनाचा दावा फेटाळला तो याच गुंत्यामुळे: सगळं धरून बेरीज केली तर त्या काळात महिलांची मॅचमागची कमाई पुरुषांपेक्षा जास्त भरली. (त्या 2015 आणि 2019 चे विश्वचषक जिंकल्या होत्या, जास्त भरणारच.) 'मोबदला' लिहा. पगार, बोनस, भत्ते सगळं त्यात येतं.

कामठी रोड: मानधन तर नकोच ना भाऊ. हिवाळी अधिवेशनावर अंगणवाडी सेविकांचे मोर्चे येतात ते 'मानधन नको, वेतन द्या' म्हणतच. मानधन म्हटलं की ही नोकरी नाही, सेवा आहे, असा अर्थ चिकटतो.

धरमपेठकर: आणि बीसीसीआयचा निर्णय?

महालातला: तिथे 'मॅच फी'च. ऑक्टोबर 2022 मध्ये समान केली ती तेवढीच: कसोटीला 15 लाख, वनडेला 6, टी-ट्वेंटीला 3. वार्षिक करार वेगळेच राहिले. तेव्हा पुरुषांची सर्वोच्च श्रेणी 7 कोटींची होती, महिलांची 50 लाखांची. 'समान वेतन' हा मथळा तिथे सरळ चूक. 'सामना शुल्क'ही टाळा, शुल्क आपण भरतो. वाचणाऱ्याला वाटेल खेळाडूच पैसे भरताहेत.

कामठी रोड: फुटबॉल विश्वचषकाची ती 'बक्षीस रक्कम'. फिफा ती देशाच्या महासंघाला देते, म्हणून तिला खेळाडूंची कमाई म्हणू नका. पुरुषांची 2022 ला 44 कोटी डॉलर, महिलांची 2023 ला 11 कोटी. मिलियनचं दशलक्ष करताना शून्य घसरतं, सरळ कोटीत लिहा: 10 मिलियन म्हणजे 1 कोटी.

महालातला: 2022 च्या अमेरिकी करारात दोन्ही संघांची बक्षीस रक्कम एकत्र करायचं ठरलं, त्याला 'समान वाटणी' म्हणा. महिलांचा ठरावीक पगार त्याच कराराने बंद झाला. खटला मिटवताना त्याआधी ठरलेले 2.4 कोटी डॉलर मात्र 'तडजोडीची रक्कम'. 'भरपाई' लिहिलंत तर कोर्टाने निकाल देऊन ठरवली असं होईल, तसं झालेलं नाही.