छोटा वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड : काना दोनदा पडतो, गेममध्ये डब्ल्यू अडकतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दीड महिन्यापूर्वी ६५ टक्क्यांचा वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. हा टक्क्यांचा हिशोब ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी : नंबरपॅड नाही, एफ-वन ते एफ-ट्वेल्व्हची रांग नाही, बाणांची चार बटणं मात्र आहेत. नेहमीच्या १०४ बटणांच्या जागी ६८. टेबलावर माऊसला हातभर जागा मिळावी एवढाच हेतू होता आणि तो सफल झाला. दिवसभर यावरच काम (मराठी-इंग्रजी मजकूर, थोडं एक्सेल), रात्री तास-दीड तास गेम. प्रत्येक बटणाखाली लाल लिनियर स्विच आहे, म्हणजे मध्ये अडथळा किंवा टकटक न करता सरळ खाली जाणारा. दिवसा ब्लूटूथने लॅपटॉपला जोडते, रात्री डोंगलने (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) डेस्कटॉपला. हाताला इतकं छान लागतं की आता ऑफिसचा कीबोर्ड ओल्या पुठ्ठ्यासारखा वाटतो. त्यामुळे परत करायचं जिवावर आलंय. पण :

मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरते. त्यात ईच्या बटणावर काना असतो. गेला आठवडाभर 'काम' लिहिलं की मध्येच एक जास्तीचा काना पडतो आणि तो बिचारा ठिपक्यांच्या गोलावर बसून येतो. वीस-पंचवीस वेळा दाबल्यावर एकदा. मराठीत कान्याशिवाय एक ओळ लिहून दाखवा, म्हणजे माझे हाल कळतील. इंग्रजीत त्याच बटणाचा ई डबल होतो, पण तिथे स्पेलचेक सांभाळून घेतो.

दुसरं, गेममध्ये डब्ल्यू सोडला तरी माझा गडी पुढे पळतच राहतो. परवा सरळ कड्यावरून खाली गेला. बाकीचे तिघे हसतायत, मी कीबोर्ड उचलून दाखवतेय, पण कॅमेरा बंद.

तिसरं, पाच-दहा मिनिटं फोनवर बोलून परत टायपिंगला बसले की पहिलं अक्षर गिळतो. वरिष्ठांना गेलेली एक मेल 'मस्कार' अशी सुरू झाली आहे. पासवर्डचंही तेच, तीनदा चुकून खातं लॉक झालं.

विक्रेत्याच्या ग्राहकसेवेने 'फर्मवेअर (कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा' म्हणून सांगितलं. केलं. ढिम्म फरक नाही. ही तिन्ही दुखणी एकाच रोगाची आहेत का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

परत करा आणि साधा वायरवाला मेम्ब्रेन (बटणांखाली रबरी पडदा असलेला) घ्या. माझा नऊ वर्षं चालू आहे. कीबोर्डला बॅटरी कशाला लागते हेच मला अजून कळलेलं नाही.

प्रतिसाद २

दादा, परत करायच्या आधी तीन गोष्टी सांगा. डोंगल कुठे खोचलाय? केबल लावून पाहिलंत का? आणि जास्तीची अक्षरं येतात तेव्हा नेमकी दोनच येतात की रांग लागते?

धागाकर्ती

दादा नाही, ताई. डोंगल डेस्कटॉपच्या मागे, निळ्या पोर्टमध्ये. त्याच्या शेजारी बाहेरची हार्डडिस्क कायम लावलेली असते. केबल लावून पाहिलं नाही, वायरलेस घेऊन केबल कशाला लावायची? काना नेहमी दोनच. डब्ल्यूचं गेमबाहेर तपासलं नव्हतं. आत्ता नोटपॅड उघडून पाहिलं तर अर्ध्या तासात एकदा दहा-बारा डब्ल्यूंची माळच लागली.

प्रतिसाद २

माफी ताई. तुमच्या उत्तरातच निम्मं निदान आहे.

दोनच अक्षरं येणं आणि रांग लागणं ही दोन वेगळी दुखणी. स्विचच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. बटण खाली गेलं की त्या एकमेकींना टेकतात, पण टेकताना क्षणभर थरथरतात. म्हणजे जोड, तूट, जोड. चांगल्या स्विचमध्ये ही थरथर साधारण ५ मिलिसेकंदांच्या आत थांबते आणि तेवढा वेळ फर्मवेअर तिकडे कानाडोळा करतं. यालाच डीबाउन्स म्हणतात. पट्टीवर धूळ बसली किंवा स्विच मुळातच सदोष निघाला तर थरथर लांबते, फर्मवेअरला वाटतं बाईंनी दोनदा दाबलं, आणि एकाचे दोन काने होतात. याचा वायरलेसशी काडीचा संबंध नाही. केबल लावा, तरीही होईल.

रांग लागते ती मात्र कीबोर्डमुळे नव्हे. कीबोर्ड दोनच निरोप पाठवतो : 'दाबलं' आणि 'सोडलं'. मधली अक्षरांची माळ संगणक स्वतः ओवतो, 'सोडलं' असा निरोप येईपर्यंत. तो निरोप हवेत अडकला की संगणकाच्या लेखी तुमचं बोट अजून बटणावरच आहे. आणि गडी कड्यावरून खाली.

निरोप का अडकतो, तर ते निळं पोर्ट, म्हणजे यूएसबी ३.०. यूएसबी ३.० चालू असताना जो विद्युत गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि डोंगलही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ साली यावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं, त्यात वायरलेस माऊसचंच उदाहरण होतं. त्यात तुमचा डोंगल चालू हार्डडिस्कच्या कुशीत, पत्र्याच्या डब्यामागे. एक साधी यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर कीबोर्डपासून वीतभर अंतरावर आणून ठेवा. वायरलेस कीबोर्डला वायर जोडल्याचं दुःख होईल, पण गडी वाचेल.

काना : तुमच्या कीबोर्डचे स्विच उपसता येतात का? येत असतील तर ईचा स्विच झेडमध्ये घाला आणि झेडचा ईमध्ये. खोड स्विचबरोबर झेडवर गेली तर स्विच बाद, ईच्याच जागी राहिली तर खालच्या पटात (स्विच ज्यात बसतात त्या सर्किट बोर्डात) गडबड आहे. मग मात्र परतच करा. उपसताना कीबोर्ड बंद ठेवा आणि चिमटा सरळ वर ओढा. घालताना पिना सरळ आहेत ना ते आधी बघा. घाईत दाबला तर पिन आत वाकते आणि वाटतं की नवा स्विचही मेला.

प्रतिसाद ३

'मस्कार'साठी दोन ओळी. हा बिघाड नाही, झोप आहे. बॅटरी वाचवायला कीबोर्ड निजतो, पहिल्या बटणाने जागा होतो आणि ब्लूटूथ पुन्हा जुळेपर्यंतचं अक्षर वाया जातं. सॉफ्टवेअरमध्ये झोपेची वेळ वाढवता येते का बघा. सगळे रंगीत दिवे बंद करा, बॅटरी मुख्यतः तेच खातात. आणि पासवर्डच्या आधी एकदा शिफ्ट दाबायची सवय लावा. जागा होतो, अक्षर काही उमटत नाही.

गेमसाठी डोंगल वापरताय ते बरोबरच आहे. चांगला डोंगल सेकंदाला १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला, विचारपूस करतो. ब्लूटूथ लो एनर्जीत दोन भेटींमधलं अंतर सहसा ७.५ मिलिसेकंदांच्या खाली जात नाही. मेल लिहिताना हे कुणाच्या बापाला कळणार नाही, गेममध्ये कळू शकतं. आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जायची वेळ आली तर ब्लूटूथवर विसंबू नका, तिथे डोंगल किंवा केबलच.

प्रतिसाद ४

जरा अवांतर. एक्सेलवाल्यांनी ६५च्या खाली उतरूच नये असं माझं मत. मी ६० टक्क्यांचा घेऊन बसलोय, त्यात बाणही नाहीत. सेल दुरुस्त करायला एफ-टूऐवजी फंक्शन बटण आणि २, बाजूच्या सेलमध्ये जायला फंक्शन आणि आणखी काहीतरी. हाताचं नृत्य बघून शेजारची मंडळी थांबतात. पुढचा ७५ टक्क्यांचा घेणार, त्यात वरची रांग असते.

प्रतिसाद १

मेम्ब्रेनमध्ये एफ-टूही असतो. सहज सांगितलं.

धागाकर्ती

चार दिवसांनी येतेय, पण सगळं करून आलेय.

एक्स्टेंशन वायर ड्रॉवरमध्येच पडलेली होती. डोंगल आता मॉनिटरच्या पायाशी आहे. तीन रात्री खेळले, एकदाही पळापळ नाही. खात्री करायला मुद्दाम डोंगल परत मागे लावला आणि हार्डडिस्कवर मोठी फाइल कॉपी करायला घेतली. पाच मिनिटांत डब्ल्यूंची माळ. इतकं छान सिद्ध झालं की जरा रागच आला.

ईचा स्विच उपसला. पहिल्या प्रयत्नात कीकॅपच उडून कपाटाखाली गेली, दुसऱ्यात जमलं. झेडमध्ये घातला, आणि आता झेड दोन-दोन येतात. मराठीत मला झेड लागतच नाही, त्यामुळे तूर्त संसार सुखाचा आहे. काना एकदम स्वच्छ. केबल लावून पाहिलं तेव्हाही झेड दोनच आले, म्हणजे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

झोपेची वेळ दहाची तीस मिनिटं केली, दिवे बंद केले. शिफ्टची युक्ती उत्तम. वरिष्ठांनी मात्र काल मेल पाठवली आहे, तिची सुरुवात : 'मस्कार ताई'.

आता एकच विचारायचंय. नवे स्विच मागवताना तीन पिनांचे घेऊ की पाच पिनांचे? दोन्ही दिसतायत आणि माझा पट कुठला ते खोक्यावर लिहिलेलं नाही.

प्रतिसाद २

एक स्विच उपसून खालचा पट बघा. मधल्या मोठ्या भोकाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन बारीक भोकं असतील तर पट पाच पिनांचा, त्यात दोन्ही प्रकार बसतात. नसतील तर तीन पिनांचे घ्या. चुकून पाच पिनांचे आलेच तर बाजूचे दोन बारीक प्लास्टिकचे पाय नेलकटरने कापून टाका. धातूच्या पिनांना हात लावू नका.

धागाकर्ती

बारीक भोकं नाहीत. तीन पिनांचे मागवते. नेलकटर तरी जवळ ठेवते.